शुक्रवारचं पान

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी घरात दोन लग्नं झाली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण लिहिलं तर निम्मे नातेवाईक बोलायचे बंद होतील, आणि इथले नेमाने वाचणारे तेच आहेत :)

आजचा विषय भाच्यानं दिलाय. तो एका जिल्ह्याच्या दैनिकात लागला आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या गळ्यात मनोरंजनाचं पान पडलं. "मावशी, तू बारा वर्षं हेच करत होतीस ना? मग सांग की, असं पान चालतं कशावर?" फोनवर सांगायला बसले, तर तासभर झाला तरी माझं १९९९ साल संपेना. शेवटी त्यालाच झोप आली. म्हणून लिहून काढतेय.

तर १९९९ साली मी सांगलीत एका दैनिकाच्या पुरवणी विभागात होते. पेपरचं नाव सांगत नाही. सांगलीकर ओळखतील, बाकीच्यांना कळून उपयोग नाही. त्या काळी जिल्ह्याच्या पेपरात मुलगी नोकरीला आली की तिला पुरवणी द्यायची पद्धत होती. बातमीदारी म्हणजे रात्रीबेरात्रीचं काम, ते पुरुषांचं. पाककृती, राशिभविष्य, सिनेमा हे आपलं बसल्या जागी होणारं. (पुढे नाटकं आणि तमाशे यांच्या पायी त्या ऑफिसात सगळ्यात जास्त रात्री बाहेर कुणी काढल्या असतील तर मी. आईला अजून त्याचा राग आहे.)

पान दर शुक्रवारी निघायचं. माझ्याकडे आलं तेव्हा ते भरायला अर्धा दिवस पुरायचा. मुंबईहून सिनेमावाल्यांच्या प्रेसनोटा यायच्या, सोबत रंगीत फोटो. अमक्या नटाचं तमक्या नटीशी बिनसलं, अमक्या सिनेमाची गाणी स्वित्झर्लंडला चित्रित होणार. ते मराठीत करायचं, फोटो मोठा लावायचा, खाली शब्दकोडं. झालं पान. दिसायलाही झकास दिसायचं.

एका शुक्रवारी कुठल्याशा साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा वाढदिवस आला. पूर्ण पान जाहिरात. आमचं पान उडालं. मी दिवसभर फोनजवळच होते. स्वित्झर्लंडची चौकशी करायला एकही फोन आला नाही. शब्दकोडं का नाही, म्हणून चार आले.

ते चार फोन माझ्या डोक्यातून जाईनात. सांगलीतल्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी नेमकं काय हवं असतं? आज-उद्या काय आहे, कुठे आहे, किती वाजता, तिकीट किती, आणि जाण्यासारखं आहे का. बस. आणि नेमकं हेच आमच्या पानात कुठे नव्हतं! ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं, ज्या गावाचे देवल आणि खाडिलकर, जे गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतं आणि दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन थाटात साजरा करतं, त्या गावच्या पेपरात या आठवड्यात भावे नाट्यमंदिरात काय आहे हे शोधायचं तर जाहिरातींत शोधायचं. जाहिरात दिली नसेल तर ते नाटक नाहीच.

मग मी एक चौकट सुरू केली. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, आठवडाभराचे कार्यक्रम, बारीक टाइपात. सांगायला सोपं आहे, पण तिच्यासाठी गुरुवारचा सगळा दिवस जायचा. टॉकीजच्या मॅनेजरांना फोन करायचे तर ते स्वतःच देवावर हवाला ठेवून असायचे. तेव्हा सिनेमाची प्रिंट म्हणजे पत्र्याच्या डब्यांतली रिळं. मोठ्या शहरांतून फिरून दमलेली प्रिंट आमच्याकडे यायची, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत पेटी उतरली नाही तर जुनाच सिनेमा पुढे चालू. "ताई, छापा, पण खाली 'बहुतेक' असं टाका," म्हणणारा एक मॅनेजर होता. 'बहुतेक' टाकलं की लोक चिडायचे. मग आम्ही गुरुवारी रात्री पान सुटायच्या आधी पुन्हा फोन करायला लागलो. ज्याची प्रिंट हातात नाही त्याचा सिनेमा चौकटीत नाही. दोन-तीन शुक्रवार गेल्यावर मॅनेजरच आपणहून फोन करू लागले, "आली हो पेटी!"

नाटकांच्या बाबतीत मला एका बाईंनी शिकवलं. तासगावच्या शिक्षिका होत्या. त्यांचं पत्र आलं की नाटक सुरू कधी होतं हे तुम्ही छापता, पण संपतं कधी? आम्हाला परतीची एसटी बघावी लागते. किती साधी गोष्ट! सांगली म्हणजे काही नुसती सांगली नव्हे, तासगाव, इस्लामपूर, जत, कवठेमहांकाळ सगळं तिच्यात आलं. पण नाटक संपायची वेळ कोण सांगणार? दौऱ्यावरची नाटकं बहुधा आदल्या दिवशी कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात नाहीतर इचलकरंजीला घोरपडे नाट्यगृहात लागलेली असायची. तिथल्या कर्मचाऱ्याला फोन करून विचारायचं, काल पडदा किती वाजता पडला? ते छापायचं, आणि शेजारी त्या-त्या तालुक्याच्या शेवटच्या गाडीची वेळ. नाटक-सिनेमाच्या पानावर एसटीचं वेळापत्रक बघून आमचे वृत्तसंपादक हसले होते. पण सांगते, त्या बारा वर्षांत वाचकांची जेवढी पत्रं त्या एका ओळीबद्दल आली तेवढी माझ्या कुठल्याही लेखाबद्दल आली नाहीत. (लेखिकेचा अहंकार या ठिकाणी दुखावला जातो. असो.)

पान चालतंय हे कळलं तेही गंमतीदारच. स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर शुक्रवारी दुपारी पेपर उचलला तर आमच्या पानाचा खालचा कोपरा गायब. पुढच्या आठवड्यात एका सलूनमध्ये तेच. कुणीतरी फाडून नेलेला. आनंदाने मी चहावाल्याला दोन रुपये जास्त दिले. यानंतर त्या कोपऱ्यावर जाहिरातवाल्यांचा डोळा गेला नसता तरच नवल. "माणसं तिथंच बघतात ना, मग तो आम्हाला द्या." त्या कोपऱ्यासाठी मी जेवढी भांडले तेवढी पगारवाढीसाठी कधी भांडले नाही. चौकट दर आठवड्याला त्याच जागी हवी, वर-खाली, डावी-उजवी होता कामा नये. शोधावी लागली की संपली. (भाच्या, वाचतोयस ना?)

नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागायची. सरकारची ही हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासूनची, आणि सांगली हे तिचं एक केंद्र. बँकेतले क्लार्क, शाळामास्तर, वीज मंडळातले वायरमन महिना-दोन महिने ऑफिस सुटल्यावर तालीम करतात आणि एका रात्री एकच प्रयोग. परीक्षक तीन, प्रेक्षकांत निम्मे पुढच्या दिवशीच्या नाटकाचे कलाकार. आम्ही ठरवलं की रोज रात्री प्रयोग बघायचा आणि परवाच्या अंकात त्याबद्दल लिहायचं. आणि नावं सगळी द्यायची. नुसती नायक-नायिकेची नव्हे, प्रकाशयोजना, रंगभूषा, नेपथ्य, पार्श्वसंगीताची टेप चालवणारा, सगळी.

नावांनी जागा खाते, ही वृत्तसंपादकांची तक्रार बरोबर होती. पण वायरमनचं नाव पेपरात आलं की त्याची आई, सासूबाई, कॉलनी आणि सेक्शन ऑफिस असे किती अंक जातात याचा हिशेब आमच्या वितरण विभागानेच एकदा त्यांना ऐकवला. मग तक्रार थांबली. टीका मात्र मी या मंडळींवर बेतानं करायची. रजा टाकून, पदरचे पैसे घालून नाटक करणाऱ्याला आणि तिकीट लावून दौरे करणाऱ्याला एकच माप लावू नये असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. यावर आमच्या एका मित्राशी माझं पटत नाही. त्याच्या मते वाईट नाटक ते वाईटच. त्याने प्रतिक्रियेत लिहावं, मी उत्तर देईन :)

मिरजेचं थोडक्यात सांगते. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठका होतात. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे. मोठमोठे गवई हजेरी लावून जातात. गाण्याबद्दल सगळेच लिहायचे. आम्ही शेवटी एक ओळ जास्त द्यायला लागलो की मागे लागलेले तानपुरे कुणाच्या कारखान्यातले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्या ओळीला किती किंमत होती ते तिथे गेल्यावरच कळायचं. (२०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मला आधी ती ओळ आठवली.)

आता जाहिरातीचं भांडण. भाच्याचा खरा प्रश्न तोच होता.

मुंबईचं एक नाटक आलं होतं, टीव्हीवरच्या एका लाडक्या चेहऱ्याचं. हाउसफुल्ल. साडेनऊचा प्रयोग सव्वादहाला सुरू झाला. मी तेच नाटक आधी पुण्यात पाहिलेलं, त्यामुळे दुसऱ्या अंकातला वडील आणि मुलगा यांचा पूर्ण प्रवेश गाळल्याचं माझ्या लक्षात आलं. सांगलीच्या लोकांना काय कळणार! दुसऱ्या दिवशी दुपारी कुठेतरी प्रयोग होता, लवकर निघायचं होतं. मी तेवढंच लिहिलं. सुरू उशिरा झालं, अमुक प्रवेश झाला नाही, तिकीट मात्र पुण्याएवढंच होतं.

शुक्रवारी सकाळी नाटकाच्या संयोजकाने आपली दर आठवड्याची पाव पान जाहिरात बंद केली. त्या पाव पानावर आमच्या अख्ख्या पानाचा खर्च निघत होता, हे जाहिरात विभागाच्या प्रमुखांनी डेस्कसमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पान बंद होणार असं मला स्वच्छ दिसत होतं. संपादकांनी केबिनमध्ये बोलावून दोनच प्रश्न विचारले. "प्रवेश खरंच गाळला?" आणि "पासावर गेली होतीस का तिकिटावर?" मी पर्समधून तिकिटाचा अर्धा तुकडा काढून टेबलावर ठेवला. (पास घ्यायचे नाहीत हा त्यांचाच नियम. तिकिटाचं व्हाउचर केलं की अकाउंट्सवाले काका दर वेळी "करमणुकीचा खर्च ऑफिसनं का द्यायचा?" म्हणायचे, तो भाग वेगळा.) संपादक म्हणाले, "मग राहू दे. आणि हे बघ, त्यांची नाटकं चौकटीतून काढायची नाहीत."

हे दुसरं वाक्य मला तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं. एवढा अपमान झाला आणि वर त्यांची नाटकं आपण फुकट छापायची? पण छापली. वेळ, तिकीट, पडदा पडायची वेळ, शेवटची एसटी, सगळं. सात आठवडे जाहिरात नव्हती आणि सात आठवडे मी जाहिरात विभागाच्या दारावरून जायचं टाळत होते. आठव्या आठवड्यात संयोजक स्वतः ऑफिसात आले. चहा घेतला. म्हणाले, "ताई, बुकिंगच्या खिडकीवर लोक तुमचा तो कागदाचा तुकडा घेऊन येतात हो. माझी जाहिरात बघून कोण आलं ते मला कळत नाही, पण हे कळतं." जाहिरात पुन्हा सुरू झाली. पुढे एकदा एका नाटकाच्या व्यवस्थापकाने विंगेत मला सांगितलं की सांगलीत काही गाळायचं नाही अशी तंबी असते, तिथे छापून येतं. वाईट लिहिलं म्हणून आपण त्याचं नाव गाळलं असतं, तर चौकट आमच्या रागलोभाची झाली असती, वाचकाची राहिली नसती. संपादकांना ते त्या दिवशीच दिसलं होतं.

शेवटचा विषय तमाशाचा, आणि मला स्वतःला सगळ्यात जवळचा. काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीच्या शेजारी. चैत्रात गावोगाव यात्रा, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. हजारो माणसं मैदानात बसून पहाटेपर्यंत वग बघणार, आणि आमच्या मनोरंजनाच्या पानावर त्याचा एक शब्द नाही! एका यात्रेत आमच्या फोटोग्राफरकाकांबरोबर कनातीमागे राहुटीत गेले होते. फडाच्या मालकीणबाई पत्र्याच्या पेटीवर बसून पावडर लावत होत्या. मी पेपरातली म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. "दगडफेक झाली का कुठं?" त्यांनी विचारलं. मला कळेना. त्या म्हणाल्या, "न्हाई, आमचं नाव पेपरात येतंय ते तवाच की वो. तमाशात हाणामारी, दोघं जखमी. वग कसला हुता, ढोलकीला कोण हुतं, हे कोन इचारतंय?"

पुढच्या चैत्रापासून आमच्या चौकटीत यात्रांचे तमाशे आले. गाव, तारीख, फड, वग, आणि नावं. सोंगाड्या कोण, ढोलकीला कोण, तुणतुण्याला कोण. माहिती गावोगावचे वार्ताहर पाठवायचे. ग्रामपंचायतीच्या ठरावांखेरीज कधी काही न लिहिलेली ही माणसं इतक्या हौसेनं लिहायची की कापताना जीव खालीवर व्हायचा. शहरातून पत्रं आली, सुसंस्कृत घरात येणाऱ्या पेपरात हे कशाला? एका प्राध्यापकांनी पेपर बंद केला. दुसरीकडे तासगाव-कवठेमहांकाळचे एजंट चैत्रातल्या शुक्रवारी वाढीव अंक मागायला लागले. प्राध्यापकांचं पत्र आम्ही छापलं, आणि त्याच्या खालीच त्या आठवड्याचे तमाशे.

२०११ साली सगळ्या आवृत्त्यांची पुरवणी एकाच ठिकाणी तयार करायची असं वर ठरलं आणि पान गेलं. चार गावांत चार जणांना पगार देण्यापेक्षा एकात काम होतं, कागद महागलेला, हिशेबानं पाहिलं तर त्यांचंही बरोबर होतं. नवं पान गुळगुळीत होतं, सुंदर फोटो. स्वित्झर्लंड परत आलं :) आता तर सिनेमाची वेळ मोबाइलवर दिसते, नाटकाचं तिकीटही तिथेच निघतं. त्यासाठी शुक्रवारची वाट कोण बघेल? पण कवठेमहांकाळजवळच्या यात्रेत परवा ढोलकीला कोण होतं, हे मला अजून कुठल्या ॲपवर सापडलेलं नाही. भाच्याला मी तिथूनच सुरुवात कर म्हटलं.

२०१९ च्या महापुरात ऑफिसच्या तळमजल्यावरच्या जुन्या फायली भिजून गेल्या. माझी कात्रणं विश्रामबागेतल्या घरी माळ्यावर होती, ती वाचली. हे कुणाकुणाला कळलंय, त्यामुळे अधूनमधून कुणीतरी दारात येतं. राज्य सरकार वयस्कर कलावंतांना मानधन देतं, पण अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात. तमाशातल्या माणसाकडे कसला आलाय पुरावा? फडाचा मालक वारलेला, फड मोडलेला.

२०२२ साली एक ढोलकीवाले पुतण्याच्या मोटरसायकलवर बसून आले. माळ्यावरून तीन खोकी काढली, दुपार गेली, आणि एप्रिल २००३ च्या चौकटीत त्यांची ओळ सापडली. नाव मात्र फडात हाक मारायचे ते, आधार कार्डावर वेगळंच. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागणार होतं. पुतण्या वैतागला. म्हाताऱ्यांचं लक्षच नव्हतं. ते त्या ओळीवर बोट ठेवून पुढची-मागची नावं वाचत होते. सोंगाड्या गेला, नाच्या गेला, तुणतुणेवाला मागल्या साली गेला. मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यांनी तीन झेरॉक्स काढल्या. एक फायलीला, एक घरात लावायला आणि एक तुणतुणेवाल्याच्या पोराला.